ऑक्सिजन ॲब्सॉर्बर टाकूनही अक्रोड खवट झाले? आधी पिशवी बघा

बदाम, अक्रोड, तेलबिया असलं तेलकट काही महिनोन्महिने टिकवायचं तर आत ऑक्सिजन ॲब्सॉर्बरची, म्हणजे ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकतात, आणि तरी खवट निघालं की सगळे पुडीला शिव्या घालतात. पुडी बिचारी बहुतेक वेळा बरोबर असते. मी पण आधी साध्या पॉलिथिनच्या पिशवीत टाकून बसलो होतो, त्यातून हवा हळूहळू आत येतच राहते, पुडी खाऊन खाऊन संपते आणि मग काय. फॉइलचा थर असलेलीच पिशवी घ्या, उजेडही अडतो.

पुडीत असते लोखंडाची बारीक पूड आणि थोडं मीठ. लोखंड गंजतं आणि गंजताना ऑक्सिजन ओढून घेतं, एवढीच गंमत. जपानमध्ये १९७७ पासून विकतात. सिलिका जेल वेगळं हां, ते फक्त ओल शोषतं.

आता साइज. पुडीवर १००, ३०० असे सीसी (म्हणजे मिली) लिहिलेले असतात, तो पुडी किती ऑक्सिजन शोषते त्याचा आकडा, हवेचा नाही. दाण्यांमधल्या फटीत किती हवा आहे ते कळायला एक कप दाणे भरा, वरून काठोकाठ पाणी ओता, जेवढं पाणी मावलं तेवढी हवा (ते दाणे मग खाऊन टाका). त्यावरून अख्ख्या पिशवीचा हिशोब काढा आणि वर मोकळी राहणारी जागाही धरा. समजा ४०० मिली हवा निघाली, तर तिच्या २१ टक्के म्हणजे ८४ मिली ऑक्सिजन, १०० सीसीची पुडी पुरते, पण मी ३००ची टाकतो, जास्त झाल्याने काही बिघडत नाही.

पिशव्या आधी भरून ठेवा, पुड्यांचं पाकीट सगळ्यात शेवटी फोडा, कारण फोडल्या क्षणापासून त्या कामाला लागतात. पंधरा-वीस मिनिटांत सगळं सील. उरलेल्या लगेच घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत. पुडी हाताला गरम लागली तर समजा ती कामाला लागलीय.

ओलसर पदार्थात मात्र ही पुडी अजिबात नको, ऑक्सिजन नसलेल्या ओल्या जागीच बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढतात आणि वासावरून कळतही नाही. माल कडकडीत सुका पाहिजे. साखरेतही टाकू नका, दगड होतो.

दुसऱ्या दिवशी पिशवी थोडी आत ओढलेली दिसेल. विटेसारखी कडक नाही झाली म्हणून घाबरू नका, हवेतला ७८ टक्के नायट्रोजन आतच राहतो.