रिकाम्या क्रेटचा हिशेब

गोदामात डिस्पॅचला लागले तेव्हा माझं सगळं लक्ष भरलेल्या क्रेटवर असायचं. कुठला माल कुठल्या दुकानाला, गाडी कधी सुटली, चलानवर सही आहे ना. रिकामे क्रेट परतीच्या गाडीतून यायचे, डॉकच्या, म्हणजे गाड्या भरायच्या-उतरवायच्या जागेच्या, कोपऱ्यात थप्प्या लागायच्या आणि कुणाला वेळ झाला तर मोजणी व्हायची. मग सकाळच्या पाळीला क्रेट कमी पडू लागले. सिस्टिममध्ये मात्र ते भरपूर दिसत होते, दुकानांच्या नावावर.

सगळ्यात जास्त बाकी असलेल्या दुकानात मी स्वतः गेले. मागच्या खोलीत काही क्रेटमध्ये सुटा माल भरलेला होता, काही उलटे घालून त्यांवर खोकी रचलेली होती. पण बरेचसे तिथे नव्हतेच. ते कधीच परत आले होते. उतरवताना आम्हीच नोंद केली नव्हती. आठवडाभर मी त्या दुकानाला फोनवर जाब विचारत होते, याचं अजून वाईट वाटतं.

या कामात नवीन असाल तर आधी दोन क्रमांकांतला फरक समजून घ्या. एसएससीसी हा 18 अंकी क्रमांक त्या खेपेच्या लोडचा असतो. माल उतरला की त्याचं काम संपतं. जीआरएआय हा परत वापरायच्या वस्तूचा स्वतःचा क्रमांक, तो क्रेटसोबत कायम राहतो. दोन्ही जोडले जातात ते माल भरताना, आणि क्रेट रिकामा झाल्यावर ती जोडणी तोडावी लागते. हे राहिलं की सिस्टिमच्या लेखी जुना माल त्याच क्रेटमध्ये बसून राहतो. जीआरएआयमध्ये अनुक्रमांक ऐच्छिक आहे. तो नसेल तर एका प्रकारच्या सगळ्या क्रेटना एकच क्रमांक, म्हणजे फक्त नगांचा हिशेब. माझ्या मते साध्या प्लॅस्टिक क्रेटला तेवढा पुरतो. महागड्या रोल केजला (चाकं असलेल्या धातूच्या जाळीच्या पिंजऱ्याला) मात्र प्रत्येकीचा वेगळा क्रमांक हवाच.

आरएफआयडी, म्हणजे वस्तूवरचा टॅग रेडिओ लहरींनी दुरून वाचायची पद्धत, आली की मोजणीची कटकट संपेल, असं मलाही वाटलं होतं. पण धातूच्या केजवर साधा टॅग नीट चालत नाही, त्यासाठी वेगळा टॅग लागतो. पाणी असलेला माल लहरी शोषतो. शेजारच्या डॉकवरचे क्रेटही कधी कधी आपल्याच दारातून गेल्यासारखे वाचले जातात.

क्रेट कमी पडले की नवीन घ्या, अशी मागणी लगेच होते. तेव्हा आधी फेरीचे दिवस मोजा: गोदामातून निघून, परत येऊन, धुऊन पुन्हा भरायला तयार होईपर्यंत किती दिवस जातात? समजा, रोज 1,000 क्रेट बाहेर जातात आणि फेरीला 10 दिवस लागतात, तर 10,000 क्रेट फिरते हवेत. फेरी 8 दिवसांवर आली की 8,000 पुरतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस रस्त्यात जात नव्हते. ते जात होते दुकानाच्या मागच्या खोलीत आणि आमच्याच धुण्याच्या रांगेत.

म्हणून पहिल्या आठवड्यात परतीच्या डॉकवर उभं राहायची परवानगी मागा. ड्रायव्हर समोर असतानाच रिकामे मोजा, चलानवरच्या आकड्याशी ताडून पाहा आणि फरक निघाला तर तो तिथेच लिहून दोघांनी सह्या करा. गाडी एकदा निघून गेली की तो फरक नेमका कुठे पडला हे शोधायला दिवस लागतात.