ऑटिझम असलेल्या मुलाचा हेल्थ इन्शुरन्स: कुठून सुरुवात करायची, कुठे अडतं आणि अडलं की काय करायचं

निदानाचा रिपोर्ट हातात आला की सगळ्यात आधी जो प्रश्न पडतो तो हाच की थेरपीचा खर्च इन्शुरन्समधून मिळेल का. बहुतेक पॉलिसीत नाही मिळत, हे आधीच सांगून टाकते म्हणजे उगीच आशेवर राहायला नको. साधी मेडिक्लेम पॉलिसी असते ती ऍडमिट होण्यासाठी, आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच, बिहेवियर थेरपी हे सगळं आठवड्याला तास दोन तास असं चालतं म्हणजे ओपीडीत धरलं जातं. त्यामुळे डोक्यात दोन वेगळे हिशेब ठेवा. एक म्हणजे मूल आजारी पडलं, फिट आली, पडून हात मोडला, ऑपरेशन लागलं तर येणारा हॉस्पिटलचा खर्च आणि दुसरा म्हणजे दर महिन्याचा थेरपीचा खर्च. पहिल्यासाठी पॉलिसी हवीच, कारण आपली मुलं कुठे दुखतंय ते पटकन सांगू शकत नाहीत आणि आजार वाढल्यावर हॉस्पिटल गाठायची वेळ येते. दुसऱ्यासाठी वाटा वेगळ्या आहेत, त्या पुढे येतीलच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निदानाच्या आधीपासून मूल तुमच्या फॅमिली फ्लोटरमधे (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) असेल तर ती पॉलिसी काहीही झालं तरी तुटू देऊ नका. पॉलिसीत आल्यानंतर निदान झालं आणि त्याआधी कुठे दाखवलेलं नव्हतं तर ऑटिझम प्री-एक्झिस्टिंग म्हणजे पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार धरला जात नाही, आणि निदान झालं किंवा क्लेम केला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही. हप्ता भरायची तारीख चुकली, ग्रेस पिरियड (उशिरा भरायला मिळणारी सवलतीची मुदत) पण गेला की मग नव्याने अर्ज, नव्याने प्रश्न, नवा वेटिंग पिरियड, म्हणजे कव्हर मिळायच्या आधी थांबायचा काळ. दुसऱ्या कंपनीची जाहिरात बघून पोर्ट करायचा, म्हणजे चालू पॉलिसी तिकडे हलवायचा मोह होतो, तो पण आवरा. पोर्टिंगमधे झालेल्या वेटिंगचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण नवी कंपनी नव्याने तपासून नाही म्हणू शकते, म्हणून नव्या पॉलिसीचा कागद हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

नवीन पॉलिसी काढायची असेल तर प्रपोजल फॉर्ममधे निदान स्पष्ट लिहायचं. एजंट सांगतील की लिहू नका, मूल तर दिसायला नॉर्मल आहे, कोण विचारणार. ऐकू नका. तो माणूस क्लेमच्या वेळी तुमच्यासोबत नसणारे आणि लपवलं हे दिसलं की न्युमोनियाचा क्लेम सुद्धा उडतो, वर पॉलिसी रद्द होते ती वेगळीच. 1 एप्रिल 2024 पासून आयआरडीएआयचे (इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम बदललेत, प्री-एक्झिस्टिंग आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त 36 महिने (आधी 48 होता) आणि पॉलिसी सलग 60 महिने चालली की नंतर माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तर येतो. म्हणजे खरं लिहून तीन वर्षं थांबणं हे खोटं लिहून पाच वर्षं जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

फॉर्म भरला की बरेचदा फोन येतो की सॉरी मॅडम, सिस्टीम घेत नाहीये. इथे बहुतेक आईवडील गप्प बसतात आणि तिथेच सगळं संपतं. फोनवर मिळालेला नकार धरायचा नाही, लेखी मागायचा, ईमेलवर, कारणासकट. लेखी मागितलं की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी अनुभवाने सांगते, कारण मग फाईल कॉल सेंटरवरून अंडररायटिंगवाल्यांकडे (पॉलिसी द्यायची की नाही ते ठरवणारे) जाते आणि कारण लिहायची जबाबदारी त्यांच्यावर येते.

आणि लेखी मागताना कशाच्या जोरावर मागायचं तेही माहीत असू दे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधे जी 21 अपंगत्वं आहेत त्यात ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर आहे. डिसेंबर 2022 मधे दिल्ली उच्च न्यायालयाने एका दिव्यांग व्यक्तीला पॉलिसी नाकारल्याच्या केसमधे इन्शुरन्स रेग्युलेटर आणि कंपन्यांना दिव्यांगांसाठी प्रॉडक्ट आणायला सांगितलं, आणि 27 फेब्रुवारी 2023 ला आयआरडीएआयने सर्क्युलर काढलं की हेल्थ इन्शुरन्स विकणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे दिव्यांग व्यक्ती, एचआयव्ही बाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी प्रॉडक्ट असलंच पाहिजे. त्यामुळे ईमेलमधे सरळ लिहा, या सर्क्युलरप्रमाणे तुमचं जे प्रॉडक्ट आहे त्याचं नाव आणि पॉलिसी वर्डिंग पाठवा. एजंटला बरेचदा हे प्रॉडक्ट माहीतच नसतं. फक्त ते आलं की लगेच खुश होऊन सही करू नका, सम इन्शुअर्ड म्हणजे वर्षाचं एकूण कव्हर किती (बऱ्याच ठिकाणी कमी असतं), को-पे म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा किती, ऑटिझमशी संबंधित गोष्टींना किती वेटिंग, वयाची अट काय आणि मूल 25 चं झाल्यावर काय, हे विचारा. पॉलिसीसोबत कस्टमर इन्फर्मेशन शीट नावाचा छोटा कागद येतो, सगळं वर्डिंग वाचवत नसेल तर निदान तो तरी पूर्ण वाचा. पटलं नाही तर पॉलिसी 30 दिवसांत परत करता येते.

अजून एक मुद्दा, जुन्या पॉलिसीत वर्डिंग जुनंच दिसू शकतं म्हणून सांगते. 2019 मधे आयआरडीएआयने कुठली एक्सक्लुजन्स (कव्हरमधून वगळलेल्या गोष्टी) चालणार नाहीत याची यादी काढली, त्यात मानसिक आजार आहेत, अंतर्गत जन्मजात आणि जेनेटिक आजार आहेत आणि बिहेवियरल आणि न्यूरोडेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स पण आहेत. कोणी म्हणालं की डेव्हलपमेंटल आहे म्हणून सरसकट कव्हरच नाही, तर हा मुद्दा मांडा. पण याचा अर्थ ओपीडी थेरपी मिळणार असा नाही हं, ऍडमिशन लागणारी ट्रीटमेंट फक्त आजाराच्या नावावरून बाहेर काढता येत नाही इतकाच आहे.

नोकरीत ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून पूर्ण पॉलिसी कॉपी मागा, ते पाठवतात ते रंगीत पीपीटी नको. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा प्री-एक्झिस्टिंग पहिल्या दिवसापासून कव्हर असतं, मूल सहज ऍड होतं आणि काही कंपन्या ओपीडी किंवा थेरपीसाठी वेगळी रक्कम पण ठेवतात जी कोणी मागत नाही म्हणून पडून राहते. रिन्यूअलच्या दोनतीन महिने आधी एचआरला ईमेल करून विचारलं की पुढच्या वर्षी थेरपी कव्हर घालता येईल का, तर निगोशिएशनमधे तो मुद्दा जातो. दोनचार पालकांनी मिळून लिहिलं तर अजून बरं. नोकरी गेली की हे कव्हर जातं म्हणून स्वतःची एक पॉलिसी, छोटी का होईना, बाजूला चालू असू द्या.

आता निरामय. ही नॅशनल ट्रस्टची योजना आहे (1999 च्या कायद्याखाली झालेली सरकारी संस्था), खास ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर, वयाची अट नाही, आधी मेडिकल टेस्ट नाही आणि फी काही शे रुपये. मुख्य म्हणजे थेरपी आणि ओपीडी यात आहे, म्हणून सांगते की दुसरं काही असो नसो हे करून टाकाच. पूर्ण 1 लाख एकाच गोष्टीला मिळत नाही, हॉस्पिटल, ओपीडी, थेरपी, दात, प्रवास अशी प्रत्येकाची वेगळी मर्यादा आहे आणि थेरपीच्या मर्यादेत वर्षाचा खर्च निघत नाही, हे मान्य. पण जे मिळतं ते सोडायचं कशाला. अर्ज नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करता येतो, तुमच्या मुलाची स्पेशल शाळा किंवा थेरपी सेंटरच नोंदणीकृत आहे का ते आधी विचारा. पैसे कॅशलेस नाही मिळत, आधी आपण भरायचे, मग बिलं लावून खात्यात येतात. पॉलिसीचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, त्यामुळे फेब्रुवारी मार्चमधे रिन्यूअलचा रिमाइंडर लावून ठेवा.

यासाठी आणि पुढच्या बऱ्याच गोष्टींसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला खूप पालक घाबरतात की मुलावर कायमचा शिक्का बसेल. मला ही भीती कळते. पण ते प्रमाणपत्र शाळेत, नातेवाईकांत कोणाला दाखवायची सक्ती नाही, ते तुमच्या फाईलमधे राहतं आणि मुलाच्या हक्काचे पैसे त्याच्यावरच अडलेले असतात. स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करायचा, मग सरकारी हॉस्पिटलमधे तपासणी होते, ऑटिझमसाठी इसा नावाची 40 प्रश्नांची भारतीय स्केल वापरतात. त्या दिवशी मूल शांत बसलं तर कमी टक्के लिहिले जातात असं होतं, म्हणून थेरपिस्टचे रिपोर्ट आणि घरचे रोजचे व्हिडिओ सोबत न्या.

बिलांचं पण एक बघा. कच्च्या पावतीवर नुसतं 'थेरपी फी' लिहिलेलं असेल तर त्याला कोणी विचारत नाही. बिलावर मुलाचं नाव, निदान, थेरपीचा प्रकार, सेशनच्या तारखा, थेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे आरसीआयकडे असते, महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या ओटी-पीटी कौन्सिलकडे. सोबत बालरोगतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पिडियाट्रिशियनची चिठ्ठी की या मुलाला आठवड्याला इतकी सेशन्स गरजेची आहेत, आणि ती चिठ्ठी दर सहा महिन्यांनी नवीन करून घ्या.

हॉस्पिटलमधे ऍडमिट असताना डिस्चार्ज समरीचा ड्राफ्ट सही व्हायच्या आधी स्वतः वाचायचा, घाई असली तरी. आमच्या मुलाला न्युमोनिया झाला होता तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सवयीने पहिल्याच ओळीत लिहिलं 'ऑटिझम, जन्मापासून'. त्यांच्या दृष्टीने चुकीचं काहीच नाही, पण टीपीएने (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी कंपनी) तेवढंच उचललं आणि विचारलं की जन्मापासून होतं तर पॉलिसी घेताना सांगितलं का नाही, आणि क्लेम लटकला. निदान पॉलिसीनंतरचं होतं, पहिला असेसमेंट रिपोर्ट तारखेसकट लावला, डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र आणलं तेव्हा सुटला. म्हणून डॉक्टरांना हात जोडून सांगायचं की निदान कधी झालं ती तारीख लिहा आणि ऍडमिशन कशासाठी होतं, म्हणजे न्युमोनिया, ते ठळक पहिलं लिहा. फिट्ससाठी ऍडमिट केलं तर फिट्सच लिहायचं, 'ऑटिझम केस इव्हॅल्युएशन' नाही. कारण फक्त तपासणीसाठी ऍडमिशन हे एक्सक्लुजन कोड 04 मधे जातं आणि रिहॅबिलिटेशन कोड 05 मधे. एमआरआय किंवा ईईजीसाठी भूल देऊन एक दिवस ठेवलं की हाच 04 लावतात, तिथे डॉक्टरांनी त्या तपासणीमुळे कुठली ट्रीटमेंट सुरू झाली ते लिहिलेलं असेल तर भांडायला जागा राहते. अर्थात जे खरं घडलं तेच लिहायचं, खोटं काही लिहून घेऊ नका.

क्लेम नाकारला तर पत्रात कुठला कोड, पॉलिसीतलं कुठलं कलम ते बघा, नसेल तर मागा. आयआरडीएआयच्या 2024 च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, ती मंजुरी झाली होती का हेही विचारा. मग कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला ईमेल, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार किंवा 155255 वर फोन. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन म्हणजे विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. इथे जिंकायला मोठं भाषण लागत नाही, तारखेप्रमाणे लावलेले कागद लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक ईमेल एका फोल्डरमधे ठेवा.

थेरपीचा खर्च झेपतच नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) बघा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून) लहान मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत असते, गर्दी असते आणि सेशन कमी मिळतात तरी सुरुवात होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत हॉस्पिटलचं कव्हर आहे, यादीतल्या हॉस्पिटलमधे ठरलेल्या पॅकेजसाठी, थेरपी त्यात नाही. नोकरदार पालकांनी जुन्या करप्रणालीत असाल तर अवलंबून दिव्यांग व्यक्तीची वजावट विसरू नका, अपंगत्व 40 टक्क्यांपासून असेल तर 75,000 आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000, खर्चाची बिलं नसली तरी मिळते.

आणि एक कळकळीने सांगते, स्टेम सेलवाल्यांच्या नादी लागू नका. लाखो रुपये सांगतात, इन्शुरन्समधे बसवून देतो असंही सांगतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 मधेच सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल ट्रीटमेंटची शिफारस करता येत नाही. तेवढ्या पैशात मुलाची कितीतरी वर्षांची स्पीच थेरपी होते.

मूल मोठं होत असेल तर 18 वर्षांचं व्हायच्या आधी अजून एक काम आहे. तोपर्यंत आपण पालक म्हणून सह्या करतो, नंतर बँक खातं, क्लेमचे फॉर्म यावर सही कोणाची हा प्रश्न येतो. ज्या मुलांना स्वतः सही करणं, निर्णय घेणं जमणार नाही त्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते, वेळ लागतो, म्हणून सतराव्या वर्षातच कागद गोळा करायला घ्या.