ऑनलाइन रेटिंगवरून फिडे रेटिंगचा अंदाज कसा बांधाल?

नागपुरात बुद्धिबळाची पहिली रेटेड स्पर्धा (जिच्या निकालावरून रेटिंग ठरतं) खेळायला निघालेल्याच्या डोक्यात हिशेब असतो: चेस डॉट कॉम या साइटवर 1400, मग फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग किती? ठरावीक आकडा वजा करून हे उत्तर निघत नाही, कारण मोजपट्ट्यांची सुरुवातच वेगवेगळी आहे. लिचेस या दुसऱ्या साइटवर सगळे 1500 पासून सुरू होतात, चेस डॉट कॉमवर आपण निवडलेल्या पातळीवरून, आणि फिडेची यादी 1400 च्या खाली जातच नाही.

आधी योग्य आकडा उचला. बुलेट आणि ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) विसरा. 10 मिनिटांचा डाव या साइट्सवर रॅपिड म्हणून मोजला जातो, फिडेच्या नियमात मात्र तो ब्लिट्झच! म्हणून 15+10 (15 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 10 सेकंद जास्त) किंवा त्याहून लांब डाव खेळा, निदान 50. लिचेसवर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असेल तर तो अजून स्थिरावलेला नाही.

इंटरनेटवरचे तुलनेचे तक्ते बघताना तारीख पाहा. मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 च्या खालच्या खेळाडूंना 2000 पर्यंतच्या फरकाच्या 40 टक्के गुण वाढवून दिले. 1200 चे 1520 झाले. त्याआधीचा तक्ता सरळ रद्दीत टाका.

पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी 5 डाव लागतात. समजा प्रतिस्पर्धी 1500, 1550, 1480, 1620, 1600 होते आणि तुम्ही 2 गुण केले. फिडे यात 1800 च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी धरते. सात जणांची सरासरी 1621, गुण 7 पैकी 3, म्हणजे 43 टक्के. त्यासाठी फिडेच्या तक्त्यानुसार सरासरीतून 50 वजा, रेटिंग 1571. त्या दोन बरोबऱ्या नसत्या तर 1478 च्या आसपास आलं असतं. पहिला आकडा थोडा फुगीर असतो तो यामुळे.

मग ऑनलाइनच्या मानाने प्रत्यक्ष पटावर घसरण का होते? स्क्रीनवर बेकायदेशीर चाल होतच नाही. इथे पहिल्या चुकीला क्लासिकलमध्ये (लांब वेळेच्या डावांत) प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्या चुकीला डाव जातो. मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं. चाली लिहायच्या, घड्याळ दाबायचं, प्रीमूव्ह (समोरच्याच्या चालीआधीच ठरवून ठेवलेली चाल) नाही. घरी लाकडी पटावर, लिहीत, 10 डाव खेळून बघा.

शिवाय समोर कोण बसतं तेही बघा. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या देशमुख या ग्रँडमास्टरांच्या गावात, नागपुरात, दहा वर्षांच्या पोराचं 1450 हे बहुधा मागच्या वर्षीचं असतं. शिकण्याचा वेग जास्त, रेटेड डाव कमी, म्हणून आकडा मागे राहतो. त्याच्याशी हरल्यावर स्वतःला 200 ने कमी लेखू नका.

प्रवेशअर्जात ऑनलाइन आकडा लिहू नका. फिडे रेटिंग नसेल तर अनरेटेड लिहा. खरी तुलना 30 क्लासिकल डावांनंतर करा. तोवर के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) 40 असतो, बरोबरीच्या खेळाडूशी एक हार थेट 20 गुण नेते.