मिसळीच्या टेबलावरचा सभ्यपणा

रविवारी सकाळी नाशकात मिसळ खायला गेलात की टेबलासाठी थांबणं आलंच. थांबा, पण जेवणाऱ्याच्या खुर्चीला टेकून नको. मागे कुणी घड्याळ बघत उभं असेल तर माणसाच्या घशाखाली पाव उतरत नाही. काउंटरवर नाव सांगून बाहेर झाडाखाली उभं राहावं. उलट, आपलं खाऊन झालं असेल आणि बाहेर लोक ताटकळत असतील, तर उरलेल्या गप्पा गाडीपाशी माराव्यात. चहाही तिकडेच.

वाढणाऱ्याला ‘शुक शुक’ करणं किंवा चुटकी वाजवणं मला तरी बघवत नाही. त्याच्या एका हातात गरम रश्शाची किटली असते, दुसऱ्या हातात पावांचं ताट. त्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत दम धरा, हात थोडा वर करा आणि म्हणा, ‘दादा, सवडीनं थोडा रस्सा आणा.’ वयानं मोठा असेल तर ‘काका’. माझा अनुभव असा, की रस्सा लवकर येतो, वर पापडही विचारून जातो!

फोन स्पीकरवर नको, एवढं पुरे.

बिलाची ओढाताण मात्र आपला जुना रोग. ज्यानं बोलावलं त्यानं द्यावं. पाहुणे ऐकणारे नसतील, तर हात धुवायला उठताना काउंटरवर गुपचूप पैसे देऊन या. आणि दुसऱ्यानं आधीच दिले असतील तर खिशात नोटा कोंबू नका. ‘पुढची मिसळ माझ्याकडून’ म्हणा, आणि तारीख तिथेच ठरवा.