हाताची हाडं शिकताना या चुका टाळा

मानवाकृती शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात डेल्टॉइड (खांद्यावरचा स्नायू) आणि बायसेप्सचे (दंडाचा पुढचा स्नायू) फुगवटे काढायचे असतात. हाडं 'नंतर बघू'. ते 'नंतर' कधी उजाडत नाही आणि खांदा चुकत राहतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हात वर जातो, पण स्कॅप्युला, म्हणजे पाठीवरचं ते त्रिकोणी हाड, जागचं हलत नाही. एका विद्यार्थ्याने शाडूत एक हात उंचावलेली आकृती केली होती. समोरून सुरेख. मागे जाऊन पाहिलं तर दोन्ही स्कॅप्युला अगदी सारख्या, कण्याला समांतर. खांदा चुकतोय हे त्यालाही जाणवत होतं, म्हणून तो वरून माती थापत गेला आणि खांद्याचं गाठोडं झालं. मातीने ते सुटणारच नव्हतं, कारण आतली आधाराची तारच चुकीच्या जागेवरून वर काढलेली होती. शेवटी हात कापला, तार वाकवली, पुन्हा माती चढवली. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण 180 अंशांपैकी 120 खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले 60 स्कॅप्युलाच्या फिरण्यातून. तिचं खालचं टोक काखेच्या बाजूला सरकतं आणि कॉलरबोनचं, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचं, बाहेरचं टोक वर उचललं जातं. मी आधी ते खालचं टोक खुणेने मांडते, मगच दंड काढते. मॉडेल नसेल तर घरातल्या कुणाला तरी हात वर करायला सांगून पाठीवर बोटांनी चाचपून बघा.

कॉलरबोन सरळ पट्टीसारखी काढू नका. वरून पाहिलं की तिला इंग्रजी एससारखा बाक असतो.

दुसरी चूक कोपराखालची. तळवा उलटा काढायचा म्हणून फक्त पंजा फिरवतात आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात तसाच ठेवतात. कोपर कमरेशी टेकवून तळवा वर करा: रेडियस (अंगठ्याच्या बाजूचं हाड) आणि अल्ना (करंगळीच्या बाजूचं) समांतर. आता तळवा खाली वळवा, रेडियस अल्नावरून तिरकी जाते. कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूपर्यंत अल्नाची कड त्वचेखाली बोटाला लागते. ती कड मी सगळ्यात आधी काढते. मनगटावरचा गोल उंचवटाही अल्नाचाच, म्हणून तो करंगळीच्या बाजूला. अंगठ्याच्या बाजूला काढलेला दिसला की मी चित्र परत करते.

हात सरळ असताना कोपराची तीन टोकं (आतलं, बाहेरचं आणि मधलं अल्नाचं) मागून एका रेषेत येतात, वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. आतलं टोक बाहेरच्यापेक्षा ठळक असतं.

मोबाइलवरची थ्रीडी मॉडेल्स वापरायला माझी हरकत नाही, पण त्यांचे स्क्रीनशॉट गिरवणं हा अभ्यास नव्हे. सांगाडा समोर ठेवून एकच हाड चारही बाजूंनी काढा, मग तेच न बघता.