बोलेरोसारख्या उंच गाडीच्या इंजिनापर्यंत नीट पोचायचं कसं (कंबर न मोडता)

माझी उंची ५ फूट ३ इंच, दारात जुनी बोलेरो, आणि फिल्टर, बेल्ट, होस पाइप, बॅटरी असली कामं मी घरीच करतो. सुरुवातीची काही वर्षं एक पाय बंपरवर, पोट रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर आणि दुसरा पाय हवेत अशा अवस्थेत काम केलं, आणि दर वेळी पुढचे दोन दिवस कंबर धरून बसलो. मग कळलं की पान्हे कितीही चांगले घ्या, पायाखालची उंची चुकली की सगळं चुकतं. म्हणून आधी उंचीचंच सांगतो, बाकीचं नंतर.

टेप घ्या. सरळ उभं राहून हात कोपरातून काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. माझं ३९ इंच भरतं. मग गाडीचा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) जमिनीपासून मोजा, माझ्या गाडीचा साधारण ४२ इंचावर येतो, म्हणजे मी जमिनीवर उभा राहिलो की फेंडरच कोपराच्या वर, आणि नट तर त्याच्या पलीकडे आत खोल. अशा वेळी माणूस खांदे उचलून, मान ताणून काम करतो आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. हलकं काम कोपराच्या दोन-चार इंच खाली असलं की हाताला सोपं जातं, जोर लावायचं काम त्याहून बरंच खाली लागतं, ८ ते १५ इंच. आणि फेंडरची कड मांडीच्या वरच्या भागाला किंवा कमरेच्या हाडाच्या जरा खाली आली पाहिजे, मग पाठ गोल न करता खुब्यातून वाकता येतं. माझ्यासाठी हिशोब पायाखाली ९ ते १० इंच उंचीचा निघाला. तुमची उंची पावणेसहा फूट असेल तर कदाचित ४-५ इंचात भागेल, म्हणून दुसऱ्याचं माप घेऊ नका, स्वतःचं काढा.

आता ही उंची आणायची कशी. प्लॅस्टिकचा स्टूल नको, तो एका कडेवर वजन आलं की सटकतो. भाजीचे क्रेटही नको, आणि विटा एकावर एक रचून तर अजिबात नको. बरेच जण स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरवर चढतात, मीही चढायचो, पण २१५/७५ आर १५ चं टायर जवळजवळ ७० सेंमी उंच असतं, त्यावर उभं राहिलं की फेंडर गुडघ्याच्याही खाली जातो आणि मग उलट जास्तच वाकावं लागतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघायला, कूलंटच्या बाटलीत डोकावायला ठीक, पान्हा घेऊन जोर लावायला नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ट्रकचं जुनं टायर. १०.०० आर २० लिहिलेलं बघा, त्यातला पहिला आकडा म्हणजे रुंदी, अंदाजे १० इंच, त्यामुळे ते आडवं टाकलं की आपोआप १०-११ इंचाची बैठक तयार होते, व्यास मीटरभर असल्यामुळे उलटत नाही आणि आवारात ढकलत नेता येतं. वर १९ एमएमचं प्लायवूड गोल कापून चार ठिकाणी बोल्ट मारून बसवा, नुसतं ठेवू नका, सरकतं. प्लायवर जुन्या टायरच्या रबराची पट्टी ठोकली की ऑइल सांडलं तरी पाय धरून राहतो.

घराला ओटा असेल तर त्याहूनही सोपं. गाडी ओट्याला बाजूने अगदी चिकटवून लावायची, फेंडर ओट्याकडे, आणि सरळ ओट्यावर उभं राहायचं. फुकटात काम होतं, फक्त त्या बाजूचंच होतं, दुसऱ्या बाजूसाठी गाडी फिरवावी लागते.

नेहमी काम करणाऱ्याने मात्र ग्रिल बनवणाऱ्याकडून पाट करून घ्यावा. दीड इंची चौकोनी पाइप, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, पाय थोडे बाहेर झुकलेले, खाली रबरी बूट. मागच्या कडेला २ इंच उंच पट्टी नक्की मारून घ्या, कारण नट अचानक सुटला की माणूस मागे जातो, आणि टाचेला पट्टी लागली की तिथेच कळतं. हे मी पाटावरून एकदा मागे पडल्यावर शिकलो, नशिबाने खाली माती होती.

चढण्याआधी हँडब्रेक, गाडी गियरमध्ये आणि चाकांना लाकडी ठोकळे. इंजिन थंड होऊ द्या, इलेक्ट्रिक फॅन असलेल्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह काढा कारण इंजिन बंद असतानाही फॅन फिरू शकतो आणि तुमचा हात नेमका तिथेच असतो. बोनेटचा रॉड खाचेत पक्का बसलाय का बघा, मोकळ्या रानात वारा असेल तर दोरीनेही बांधा, तुम्ही वर उभे असता तेव्हा डोकं बोनेटच्या अगदी जवळ असतं.

फेंडरवर जुनी गोधडी घडी करून टाका. पट्ट्याच्या बक्कलाने रंग खरवडत नाही आणि पोटाला कड टोचत नाही. पान्हे गोधडीवर ठेवू नका, आत घसरतात, शेजारी कमरेच्या उंचीचं टेबल किंवा ड्रम ठेवा म्हणजे दर दोन मिनिटांनी खाली उतरावं लागत नाही. सॉकेट पान्ह्याला लावायचं १० इंची एक्स्टेन्शन (लांब दांडा) आणि एक युनिव्हर्सल जॉइंट (तिरकं वळणारा सांधा) घेतलंत तर निम्मं वाकणं तिथेच वाचतं.

फायरवॉलजवळचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचं) काम वेगळं, तिथे पाटावरूनही हात पुरत नाही. त्यासाठी रंगाऱ्याचे दोन घोडे गाडीच्या दोन्ही बाजूंना उभे करा आणि त्यांच्यावर २ इंच जाड फळी आडवी टाका, फेंडरच्या दोन-तीन इंच वर राहील अशी, दोन्ही टोकं बांधा, वर गोधडी, आणि छाती टेकून काम करा. वजन सगळं घोड्यांवर जातं, पत्र्यावर किंवा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीवर काहीच येत नाही. तरी १५-२० मिनिटांनी उठा, छाती दाबली जाते.

जोराचा नट असेल तर पान्हा हळूहळू ओढा, एक हात रेडिएटरच्या वरच्या पट्टीला धरलेला आणि एक पाय मागे. आणि वरचं काम आधी उरका, मग गाडी जॅकवर घ्या, नाहीतर आधीच उंच असलेलं इंजिन अजून वर जातं. खाली शिरताना जॅकच्या भरवशावर राहू नका, स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही.

दिवसभराचं मोठं काम असेल तर बोनेटच काढून ठेवा, बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून घ्या म्हणजे परत त्याच जागी बसतं, आणि काढायला दोन माणसं लागतातच.