घुशीसाठी बंदूक घ्यायची म्हणताय? आधी बिळं मोजा

परवा चुलतभावानं एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला शेतकरी सोयाबीनच्या कडेला गाडी लावून बसलाय आणि लांबून ग्राउंडहॉग टिपतोय, हातात पॉइंट टू टू रायफल. खाली भावाचा प्रश्न, दादा आपल्या उसातल्या घुशीला अशी एखादी स्वस्तातली बंदूक चालंल का? मोहोळ, माढा, पंढरपूर भागात हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ग्राउंडहॉग म्हणजे तिकडचा मार्मोट, दोन ते सहा किलोचा, दिवसा उजेडी चरणारा, बिळाच्या तोंडाशी उभा राहून इकडंतिकडं बघणारा. एका बिळात बहुतेक एकच जनावर, आणि थंडीत सगळे झोपलेले. त्यामुळं तिथं पन्नास-पाऊणशे मीटरवरनं रायफल कामाची ठरते. आपली घूस रात्रीची फिरते, दिवसा बिळाचं तोंड आतनं मातीनं बुजवून बसते, आणि उसात तर चार हातावरचं दिसत नाही. मग नेम धरायचा कशावर?

कायद्याचंही सांगतो. पॉइंट टू टू ही परवान्याचीच वस्तू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे खरी, पण ती मोठ्या जनावरांचा विचार करून, उंदरासाठी कोण अर्ज करत बसणार. राहिली एअरगन. साडेचार मिलीमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली असंल तर परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. पण तिचा भरवशाचा पल्ला वीस-पंचवीस मीटर, आपल्या मुरमाड रानात छर्रा दगडावर आपटून कुठं उडंल सांगता येत नाही, आणि उसात कोण पाणी धरत असतंय, कोण वैरण काढत असतंय. शिवाय बंदूक हातात आली की ससा, मोर दिसला की मोह होतोच, आणि तो सरळ वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा. माझं मत स्पष्ट आहे, एअरगनला जे काही हजार घालणार तेवढ्यात अख्ख्या शिवाराची घूस आटोक्यात येते, फक्त रीत पाळायला पाहिजे.

रीत म्हणजे पहिल्या दिवशी विष नाहीच. संध्याकाळी बांध, पाटाच्या कडा, ठिबकच्या मेन लाईनची चर, उसाचा कडेचा पट्टा असं सगळं फिरायचं आणि दिसंल ते बीळ चिखलानं बंद करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतील किंवा जिथं ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग आलाय, तेवढीच चालू बिळं. शंभर बिळांतली तीस-चाळीसच चालू निघाली असं बऱ्याचदा होतं, आणि बाकीच्यात टाकलेलं विष म्हणजे मातीत घातलेला पैसा. चालू बिळाशेजारी एक काडी रोवा, आकडा वहीत लिहा.

मग आमिषाची सवय लावायची, आणि सगळे चुकतात ते इथंच. घूस लई संशयी जनावर, नवीन खाणं आधी चाखून बघते, आणि थोडं खाऊन त्रास झाला की परत त्या चवीला तोंड लावत नाही. मीसुद्धा पहिल्या वर्षी थेट झिंक फॉस्फाईड हे उंदराचं विष टाकलं होतं, चार-पाच मेल्या आणि उरलेल्यांनी पुढं दोन महिने कसल्याच आमिषाला हात लावला नाही, तेवढ्यात कांडीचा नवा प्लॉट पोखरला. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडलेली ज्वारी, किलोला २० ग्रॅम गोडेतेल चोळून, मूठभर प्रत्येक चालू बिळात. आपल्याकडं मालदांडीची भरड घरातच असते, तीच वापरा, घुशीला ओळखीची असते.

खायला लागल्या की चौथ्या दिवशी विषाचं आमिष. प्रमाण ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड. एका बिळाला १० ग्रॅम धरा, म्हणजे किलोभरात शंभर बिळं होतात. कागदाच्या पुडीत बांधून हातभर आत सरकवायची आणि तोंड ढेकळानं बंद करायचं, नाहीतर मोर, चितूर, होला टिपून जातात. पुडी ओली होऊ देऊ नका, ओल लागली की औषध उतरतं आणि विषारी वायूही सुटतो, त्यामुळं पाणी दिलेल्या वाफ्यात त्या दिवशी टाकायचंच नाही. कालवायचं काम उघड्यावर, वाऱ्याला पाठ करून, हातमोजे आणि तोंडाला फडकं लावून, आणि भांडं-काठी परत घरात आणायची नाही. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कुणाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय जरी आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, पाकीट बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. हे काम टाळू नका. आमच्या शेजारच्या वस्तीवरचं राखणीचं कुत्रं अशानंच गेलं. आणि नान्नजकडच्या माळावर लांडगा, खोकड फिरतंय, मेलेला उंदीर उघड्यावर पडला तर ते खाणारच.

साधारण आठवड्यानं परत सगळी बिळं बुजवायची आणि सकाळी मोजायची. जी उघडली त्यांना आता ब्रोमाडिओलोनची तयार वडी, ०.००५ टक्क्याची. हे औषध रक्त गोठू देत नाही, घूस चार ते दहा दिवसांनी मरते, त्यामुळं खाल्लं काय आणि झालं काय याचा मेळ तिला लागत नाही, राहिलेल्या हुशार घुशी यानंच जातात. याला व्हिटॅमिन के-वन हा उतारा आहे, तरी जपूनच. सरसकट वडी फेकू नका, असा उंदीर खाऊन घुबडाच्या अंगातही ते विष जातं. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र कुणी कितीही गळ घातली तरी आणू नका, घरात, गोठ्याशेजारी तर अजिबात नाही, तो गॅस माणूस मारतो.

गोठा, कडब्याची गंजी, धान्याची खोली इथं विष नकोच, पिंजरे लावा. भिंतीला लागून, तोंड भिंतीच्या कडेनं येणाऱ्या वाटेवर उघडंल असं ठेवायचं, कारण उंदीर भिंत धरूनच पळतो. आत भजं किंवा शेंगदाण्याचं कूट. पहिल्या दोन रात्री दार बांधून उघडंच ठेवा, येऊ-जाऊ द्या, तिसऱ्या रात्री सोडा. एकदा सापडला की पिंजरा गरम पाण्यानं धुवा, आणि हातमोज्याशिवाय उचलू नका, उंदराच्या मुतानं लेप्टोचा ताप येतो.

गव्हाणी घुबडाला आपल्याकडं अपशकुनी म्हणून हाकलतात याचं मला फार वाईट वाटतं. एक घुबड रात्रीत दोन-चार उंदीर सहज उचलतंय, फुकट. हरभऱ्यात, नवीन उसात बांबूला आडवी काठी बांधून टीच्या आकाराचे पक्षीथांबे एकरी आठ-दहा उभे करा. ज्वारीत मात्र दाणा दुधात आला की काढून घ्या, नाहीतर दिवसा चिमण्या त्यावरच बसून कणसं रिकामी करतात. धामण दिसली तर जाऊ द्या, ती बिळात शिरून पिल्लं खाते.

वेळ कुठली? मे संपताना, पावसाच्या आधी. रानात खायला काही नसतं, सगळ्या घुशी बांधावर आणि कॅनॉलच्या कडेला गोळा झालेल्या असतात आणि आमिष लगेच उचलतात. याच दिवसांत त्या ठिबकच्या नळ्या कुरतडतात, म्हणून डाळिंबवाल्यांनी तर हा महिना सोडूच नये. दुसरी खेप रब्बीची ज्वारी पोटरीत यायच्या आधी. आणि एकट्यानं करू नका. घूस तीन आठवड्यांत विते, एका वेतात सहा-आठ पिल्लं, तुमचं रान मोकळं झालं की शेजारची आत येते. पाराजवळ बसून एक तारीख ठरवा, बांधाला बांध लागून असलेले दहा-पंधरा जण त्याच संध्याकाळी बिळं बुजवायला निघा, भरड ज्याची त्याची आणि औषध वर्गणी काढून परवान्याच्या कृषी सेवा केंद्रातनं पावतीसकट घ्या. विष कालवायला दोनच जाणती माणसं ठेवा, आणि उरलेली पावडर कुणाच्याही घरी न नेता पुढच्या खेपेपर्यंत एकाच कुलुपात ठेवा.